रिग्ली फील्ड: एका गाळ्याच्या नोंदी

काम: शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल स्टेडियमच्या नूतनीकरणाचा अभ्यास.
द्यायचं काय: ग्रँडस्टँडच्या (प्रेक्षकांच्या छपराखालच्या बैठकीच्या) एका गाळ्याचा, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्याचा, छेद (उभा कापून दाखवलेलं चित्र), त्याच गाळ्याचं फोमबोर्डचं मॉडेल आणि पुण्यातल्या आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तासाभराचं ऑनलाइन व्याख्यान.
मुदत: ऑक्टोबर 2023.

2 एप्रिल 2023, रविवार

पुण्याहून मैत्रिणीचा फोन. ती वारसा-जतन शिकवते. "परदेशातलं एखादं उदाहरण दे, पण राजवाडा नको, म्युझियम नको. पोरं झोपतात." मी रिग्ली सुचवलं तर म्हणे, "अगं, बेसबॉलचे नियम कुणाला ठाऊक आहेत इथं?" नियम लागणारच नाहीत. मैदान क्रिकेटसारखं गोल नसतं, एका कोपऱ्यातून उलगडत जातं, आणि सगळा खेळ त्या कोपऱ्याकडे बघत बसायचा असतो, एवढं कळलं की पुरे.

हीच वास्तू घ्यायचं कारण साधं आहे. ती वापरात आहे. हंगामात घरचे 81 सामने, 41,649 आसनं. लोक बिअर सांडतात, उड्या मारतात, पाय आपटतात. दोरी लावून "स्पर्श करू नये" अशी पाटी टांगायची सोय नाही. तरीही 2014 ते 2019 या काळात जवळजवळ सगळं आतून बदललं आणि दर एप्रिलला इथं खेळ सुरू झाला. पत्ता 1060 वेस्ट अ‍ॅडिसन, म्हणून कामाचं नाव '1060 प्रोजेक्ट'.

नोंदीसाठी: या कामाशी माझा किंवा माझ्या ऑफिसचा काही संबंध नव्हता. माझा धंदा जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंती तपासायचा. दोरावर लटकून हातोडीनं वीट वाजवायची आणि पोकळ आवाज आला की खडूनं गोल करायचा. बाहेरची असल्यामुळे मोकळेपणानं बोलता येईल.

8 एप्रिल, शनिवार

दुपारच्या सामन्याला गेले. थंडी हाडात शिरणारी. भिंतीवरची प्रसिद्ध आयव्ही अजून नुसत्या काटक्या, मागची वीट उघडी. वेलीशिवाय विटा बघायच्या तर हेच दिवस.

तिकीट मुद्दाम खांबामागचं काढलं. इथं अशी तिकिटं 'दृश्य अडतं' असं सांगूनच विकतात. वरचा मजला आणि छप्पर पेलणारे पोलादी खांब खालच्या प्रेक्षकांच्या मधोमध उभे आहेत. 1991 नंतर बांधलेल्या स्टेडियममध्ये हे सहसा दिसणार नाही.

खुर्चीत बसूनच हिशेब मांडला. खांब अंदाजे दीड फूट रुंद धरला. तो माझ्यापासून 25 फुटांवर असेल आणि मी 150 फुटांवरचं काही बघत असेन, तर तिथली 9 फुटांची पट्टी झाकली जाते. तोच खांब 10 फुटांवर आला तर साडेबावीस फूट. पिचर (चेंडू फेकणारा) आणि बॅटर (तो फटकावणारा) यांच्यातलं अंतर 60 फूट 6 इंच. म्हणजे सहसा दोघांपैकी एक दिसतो, आणि नशीब फारच खोटं असेल तर चेंडू कुठून आला हे दिसतं पण त्याचं काय झालं ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. शेजारी बसलेले आजोबा तसंच करत होते. मान डावीकडे, मान उजवीकडे. सवय झालेली.

मग वर पाहिलं. वरच्या मजल्याची पुढची कड जवळजवळ माझ्या डोक्यावर. तिथला माणूस बॅटरला हाक मारू शकेल इतका जवळ. खांब आहेत म्हणून तो मजला एवढा पुढे येऊ शकतो. खांब काढले की मजला मागे जाणार. व्याख्यानाचा कणा हाच ठेवायचा.

(यंदापासून पिचरला घड्याळ लागलंय: बेस रिकामे असतील तर 15 सेकंद, कुणी बेसवर असेल तर यंदा, 2023 मध्ये, 20. ज्या खेळात वेळच नसतो अशी ख्याती, त्यात आता लाल आकडे उलटे मोजताहेत. बदल नको म्हणणारे गप्प झालेत, कारण सामना लवकर संपतो आणि ट्रेन मिळते.)

23 एप्रिल, रविवार

आज स्टेडियमला 109 वर्षं झाली. थर लावायचं काम आजच उरकलं.

1914: हॉटेलवाला चार्ल्स वीगमन फेडरल लीग या बेसबॉल स्पर्धेतल्या आपल्या संघासाठी मैदान बांधतो. वास्तुविशारद झकरी टेलर डेव्हिस. 4 मार्चला कुदळ, 23 एप्रिलला पहिला सामना. सुमारे 14,000 माणसं बसतील असा एकच मजला. 1916 मध्ये 'कब्ज' हा आजचा घरचा संघ इथं आला. 1922-23 च्या हिवाळ्यात ग्रँडस्टँड कापून, त्याचे तुकडे रोलरवर मागे सरकवून, मधली जागा भरून काढली. हे वाचून थांबलेच. आज असं कुणी सुचवलं तर त्याला आधी विमा कंपनीकडे पाठवतील. 1927-28 मध्ये वरचा मजला. 1934 च्या सुमारास प्रवेशद्वारावरची पाटी. 1937 मध्ये आउटफिल्डचे उघडे बाक, हातानं आकडे बदलायचा 27 फूट उंच आणि 75 फूट लांब स्कोअरबोर्ड, आणि आयव्ही. 8 ऑगस्ट 1988 ला दिवे. त्या रात्री पावसानं सामना धुऊन नेला, त्यामुळे दिव्याखालचा पहिला पूर्ण सामना दुसऱ्या दिवशी झाला. पर्ल हार्बर झालं तेव्हा (डिसेंबर 1941) मालक रिग्ली यांच्याकडे दिव्यांचं सामान आणून ठेवलेलं होतं. ते त्यांनी युद्धासाठी देऊन टाकलं आणि पुढची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं खेळ उन्हातच राहिला.

आता प्रश्न असा, की 'मूळ' म्हणायचं कशाला? लोकांना जे जुनं वाटतं त्यातलं बरंचसं 1937 चं नूतनीकरण आहे. वेल, बाक, स्कोअरबोर्ड तिन्ही एका वर्षातले, आणि गर्दी खेचण्यासाठी केलेले. लाल पाटी सुरुवातीला हिरवी होती, मग निळी, आणि लाल झाली 1960 च्या दशकात. नोव्हेंबर 2010 मध्ये कॉलेजच्या एका अमेरिकन फुटबॉल सामन्यासाठी तिला जांभळा रंगही लागला. त्या सामन्यात मैदान इतकं तोकडं पडलं की एका टोकाची रेषा विटांच्या भिंतीला जवळजवळ टेकली. शेवटी दोन्ही संघांनी एकाच दिशेला हल्ला करायचा असं आदल्या दिवशी ठरलं. चारी बाजूंनी रस्त्यांत अडकलेल्या भूखंडाचं याहून चांगलं उदाहरण मला सापडणार नाही. स्लाइड पक्की.

7 मे, रविवार

2004 मध्ये शिकागो शहरानं रिग्लीला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. त्यातल्या संरक्षित गोष्टींची यादी आज नीट वाचली: चारी बाजूंचा दर्शनी भाग आणि छपरं, प्रवेशद्वारावरची पाटी, स्कोअरबोर्ड, आयव्हीसह विटांची भिंत, आणि ग्रँडस्टँड व बाकांचा अखंड वळसा.

शेवटची बाब फार हुशारीची आहे. वस्तू नव्हे, आकार राखला. बसल्या जागेवरून समोर फिरत जाणारी जी रेषा दिसते तिला कायद्यात जागा मिळाली. बाकांमागे एखादा उंच ठोकळा उभा केला तर एकही जुनी वीट न हलवता तुम्ही नियम मोडला.

आणि यादीत जे नाही तेही वाचावं. खेळाडूंच्या खोल्या नाहीत, स्वयंपाकघर नाही, संडास नाहीत, खुर्च्यांखालचं काँक्रीट नाही. म्हणजे पोट मोकळं सोडलं आणि चेहरा बांधून ठेवला. काम करणाऱ्यांनी नेमकं तेच उचललं: जे वाढवायचं ते जमिनीखाली किंवा पाठीमागे. घरच्या संघाचं सुमारे 30,000 चौरस फुटांचं क्लबहाउस स्टेडियमच्या पश्चिमेच्या चौकाखाली पुरलंय. वर लोक गवतावर लहान मुलांना खेळवतात, खाली गोल खोलीत खेळाडू कपडे बदलतात. त्या गोलाचा व्यास 60 फूट 6 इंच, म्हणजे पिचरपासून होम प्लेटपर्यंतचं (बॅटर उभा राहतो तिथवरचं) अंतर. हा आकडा मुलांना आवडेल. मला जरा नाटकी वाटतो.

2020 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जाही मिळाला. केंद्राच्या यादीतल्या आणि उत्पन्न देणाऱ्या जुन्या वास्तूच्या प्रमाणित दुरुस्तीवर 20 टक्के करसवलत मागता येते. त्यामुळे जतनाचं प्रेम आणि ताळेबंद एकाच फायलीत असतात. यात गैर काही नाही, पण मुलांना हे सांगायला हवं. नाहीतर त्यांना वाटेल सगळं भावनेवर चालतं.

20 मे, शनिवार

आज रेड लाइनचा दिवस. अ‍ॅडिसन स्टेशनला रिग्ली, त्याच गाडीनं दक्षिणेला गेलं की 35 व्या रस्त्यावर शहराच्या दुसऱ्या बेसबॉल संघाचं, व्हाइट सॉक्सचं, स्टेडियम. तिथलं जुनं कमिस्की पार्क 1910 सालचं, त्याच झकरी टेलर डेव्हिसचं. एकच शहर, एकच वास्तुविशारद, चार वर्षांचं अंतर. कमिस्की 1991 मध्ये पाडलं. तिथं आता गाड्यांचा तळ आहे आणि होम प्लेटच्या जागी जमिनीत बसवलेला संगमरवर. त्यावर उभी राहून फोटो काढला. बाजूला एकजण गाडीच्या डिकीत कोळशाच्या शेगडीवर सॉसेज भाजत होता. त्यानं विचारलं, "काही हरवलं का?"

रस्त्यापलीकडचं नवं स्टेडियम 1991 मध्येच उघडलं. खांब एकही नाही. पण खालच्या मजल्यावर महागड्या बंदिस्त खोल्यांचे थर आले, त्यावर वरचा मजला, आणि सगळं कॅन्टिलिव्हरच्या (पुढच्या टोकाला खांब न देता मागून पेललेल्या मजल्याच्या) हिशेबानं मागे व वर गेलं. नव्या वरच्या मजल्याची पहिली रांग जुन्याच्या शेवटच्या रांगेपेक्षा लांब, ही तक्रार या शहरात अजून ऐकू येते. चढ इतका उभा की लोक जिन्यात कठडा धरून बसत. अखेर 2004 च्या हंगामाआधी वरच्या आठ रांगा कापून टाकल्या आणि छप्पर बदललं. तेरा वर्षांच्या इमारतीवर करवत! त्या वेळी रिग्लीचा वरचा मजला पंच्याहत्तरी ओलांडून उभा होता.

गंमत म्हणजे हे स्टेडियम करणाऱ्याच फर्मनं पुढच्याच वर्षी बाल्टिमोरचं कॅम्डन यार्ड्स उघडलं. तिथं विटा, पोलाद आणि शेजारचं जुनं रेल्वे गोदाम ठेवलं. त्यानंतर अमेरिकाभर नवी स्टेडियमं जुनी दिसायला लागली. जुन्याची नक्कल सुरू झाली की अस्सल जुन्याचा भावही वाढतो. रिग्ली आणि बॉस्टनचं जुनं स्टेडियम फेनवे यांचं नशीब तिथं थोडं फळफळलं.

छेदाच्या शेजारी कमिस्कीचा छेदही लावायचा. एकाच प्रमाणात, एकाच जमिनीच्या रेषेवर.

11 जून, रविवार

माझ्या धंद्याचा भाग: काँक्रीट.

2004 च्या उन्हाळ्यात रिग्लीच्या वरच्या मजल्यातून काँक्रीटचे तुकडे खाली पडले. कुणी दगावलं नाही. शहरानं तपासणी लावली आणि मजल्याखाली जाळ्या टांगल्या गेल्या. त्याच वर्षी वास्तूला संरक्षित दर्जा. कागदावर वारसा आणि डोक्यावर जाळी.

मुलांना हे कसं सांगायचं ते पक्कं आहे, कारण मुंबई-ठाण्याच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत हेच होतं. पाणी सांध्यातून आत जातं, सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं कव्हर ढकलतो. आधी तांबूस डाग, मग केसाएवढी भेग, मग पोपडा. शिकागोत यात दोन भर पडतात. भेगेतलं पाणी गोठून फुगतं, आणि पायऱ्यांवरचं बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ गंजाला चाळवतं. प्रेक्षकांच्या पायऱ्या म्हणजे उघडं छप्परच. फरक एवढाच, की त्यावर चाळीस हजार माणसं येऊन बसतात आणि सामना संपला की ती छतं होस पाइपनं धुतली जातात.

म्हणून मला विचाराल तर रिग्ली वाचवणाऱ्या कामांत पहिलं काम खालच्या बैठकीचं काँक्रीट टप्प्याटप्प्यानं नवं करणं हे. फोटोत ते येत नाही. फेनवेतही हेच: 1999 मध्ये शेजारी नवं स्टेडियम बांधून जुनं जवळजवळ संपवायचा बेत जाहीर झाला होता. 2002 मध्ये मालक बदलले आणि पुढची दहा वर्षं सुमारे 28.5 कोटी डॉलर जुन्यावरच लागले. 37 फूट उंच हिरव्या भिंतीवरच्या खुर्च्यांचे फोटो सगळ्यांनी काढले. खालच्या बैठकीची दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग कुणी फ्रेम करून लावलं नाही. ते काम पुढे नेणाऱ्या जॅनेट मेरी स्मिथ याआधी कॅम्डन यार्ड्सवर होत्या, हेही टिपून ठेवते.

28 जून, बुधवार

फोटो काढायचे होते, रद्द. कॅनडातल्या वणव्यांचा धूर कालपासून शहरावर बसलाय, जगातली सगळ्यात वाईट हवा आपल्याकडे म्हणे. खिडक्या बंद करून छेद ओढला.

ओढता ओढता हिवाळ्याचं वेळापत्रक बाजूला मांडलं. शेवटचा सामना ऑक्टोबरात, पहिला एप्रिलमध्ये. मधले पाच-सहा महिने हातात, आणि तेच शिकागोचे सगळ्यात वाईट. इथं पाया 42 इंच खाली न्यावा लागतो, कारण तिथवर जमीन गोठते. काँक्रीट ओतायचं तर ताडपत्रीचा तंबू आणि आत हीटर. जे उघडलं ते मार्चअखेर बंद झालंच पाहिजे.

पहिल्या हिवाळ्यात हे जमलं नाही. 5 एप्रिल 2015 च्या पहिल्या सामन्याला बाक तयार नव्हते. त्या जागी जानेवारीत वारलेल्या कब्जच्या लाडक्या खेळाडूची, एर्नी बँक्सची, चित्रं टांगली होती, आणि चालू संडास कमी पडून रांगा लागल्या. डावीकडचे बाक 11 मे ला उघडले, उजवीकडचे 11 जूनला. पुढचे हिवाळे शिस्तीत गेले: क्लबहाउस 2016 ला, पिचर मंडळींचं सरावाचं आवार 2017 ला मैदानाच्या कडेवरून बाकांखाली, डगआउट (सामन्यात खेळाडू बसतात ती जागा) सरकवून होम प्लेटमागे जमिनीखाली नवा क्लब 2018 ला, वरच्या मजल्यामागची दालनं 2019 ला. मध्येच 2016 मध्ये कब्जनं 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकली. मोडतोडीच्या मधोमध! वास्तुशांतीआधीच घरात लग्न उरकल्यासारखं.

संडासांवरून आठवलं. पुरुषांकडचे लांब पन्हाळीवजा मुताऱ्यांचे हौद नूतनीकरणातही ठेवले. प्रेक्षकांनाच हवे होते. कायद्याच्या यादीत ते नाहीत, लोकांच्या यादीत आहेत.

9 जुलै, रविवार

सासरे आलेत साताऱ्याहून. बांधकाम खात्यातून निवृत्त. मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीला घेऊन गेले. मार्गदर्शक जुन्या काळचा नामवंत बेसबॉलपटू बेब रूथच्या गोष्टी सांगत होता. बाबा रॅम्पखाली उभे राहून वर बघत होते.

"हे वेल्ड नाही गं. रिव्हेट आहे. डोकी बघ."

खांबाला प्लेटा आणि अँगल जोडून केलेली पेटी, बाजूनं गोल डोक्यांच्या ओळी. रंगाचे इतके थर की डोकी बोथट झालीयेत, चिंचोक्याएवढी दिसतात. बाजूच्या नव्या जोडाला षटकोनी बोल्ट. बाबांनी बोट दाखवलं. "आजोबांच्या वेळचं कुठलं आणि नातवाचं कुठलं, कळायला पाहिजे. इथं कळतंय. बरं केलंय." जतनाच्या सनदांमध्ये हेच चार परिच्छेदांत लिहिलेलं असतं.

बाहेरचा दर्शनी भाग त्यांना दाखवला. 1960 च्या दशकात लावलेले काँक्रीटचे पॅनेल आणि तारेची जाळी काढून, 1930 च्या दशकातल्या फोटोंवरून हिरवी टेराकोटाची छपरं आणि लोखंडी जाळीकाम परत केलंय. छान दिसतं, वादच नाही. पण माझी एक शंका आहेच. 1914 चं दर्शन नाही, 1960 चंही नाही, नेमकं 1930 च्या दशकातलंच का? कारण तेव्हा ते सगळ्यात देखणं होतं. ही निवड आहे, आणि निवड म्हणूनच सांगावी. पाटीही 2015-16 च्या हिवाळ्यात उतरवून दुरुस्त करून पुन्हा चढवली. रंग मात्र लाल ठेवला, 1934 चा हिरवा केला नाही. भिंतीला एक दशक, पाटीला दुसरं. हिरवी केली असती तर शहरात मोर्चा निघाला असता.

बाबांचा शेवटचा प्रश्न: "एवढं सगळं केलं, मग खांब का नाही काढले?" म्हटलं, हेच तर ऑक्टोबरात सांगायचंय.

13 ऑगस्ट, रविवार

पडदे आणि गच्च्या. हा भाग व्याख्यानात लहान ठेवणार, पण पैसा कुठून आला हे याशिवाय कळत नाही.

मालक रिकेट्स कुटुंबानं 2009 मध्ये संघ आणि स्टेडियम घेतलं. दुरुस्तीला सरकारी पैसा मिळवायचा प्रयत्न फसला. मग 2013 मध्ये सौदा झाला: हॉटेलसकट 50 कोटी डॉलरचं काम आम्ही खासगी पैशानं करतो, त्या बदल्यात जाहिराती, रात्रीचे जास्त सामने आणि व्हिडिओचे पडदे लावू द्या. डाव्या बाजूला सुमारे 4,000 चौरस फुटांचा पडदा आला, उजवीकडे त्याहून लहान. अखंड वळशाच्या कलमातून वाट काढून. दोन्ही पडदे जुन्या स्कोअरबोर्डपासून लांब, बाजूला ठेवलेत. त्यामुळे मधोमध अजूनही माणूस आत बसून हातानं आकडे बदलतो, आणि जिंकलं की पांढऱ्यावर निळ्या डब्ल्यूचा झेंडा चढतो. मला हा तोडगा पटतो. पडदा झाकला नाही, पण त्याला यजमानाच्या पाटावर बसवलं नाही.

शेजाऱ्यांना पटला नाही. वेव्हलँड आणि शेफील्ड रस्त्यांवरच्या घरांच्या गच्च्यांवर बाक लावून तिकिटं विकायचा जुना धंदा. 2004 च्या करारानं त्यातले 17 टक्के संघाला जात होते. पडदे आल्यावर दृश्य अडलं म्हणून काही मालक कोर्टात गेले, 2017 मध्ये अपिलातही हरले. बऱ्याच गच्च्या पुढे रिकेट्स कुटुंबानंच विकत घेतल्या. एकेकाळी गच्चीवरून फुकट सामना बघणं हा रिग्लीच्या स्वभावाचाच भाग होता. तो कुठल्याही छेदात काढता येत नाही.

कोपऱ्यावर जूनअखेरीस उघडलेलं सट्ट्याचं दुमजली दालनही बघून आले. वीट जुळवलीय, उंची सांभाळलीय. ड्रॉइंग म्हणून निर्दोष. आत गेल्यावर विमानतळावर आल्यासारखं वाटलं.

3 सप्टेंबर, रविवार

टाळत आलेला विषय.

गेल्या वर्षी जुलैत अमेरिकेच्या न्याय खात्यानं कब्जवर खटला भरला. आरोप असा, की 1060 प्रोजेक्टमध्ये व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांसाठी पुरेशा आणि चांगल्या जागा ठेवल्या नाहीत. बाकांमधल्या चांगल्या जागा गेल्या, काही नव्या महागड्या दालनांत सोयच नाही. संघाचं म्हणणं, आजचं रिग्ली पूर्वीच्या कुठल्याही काळापेक्षा जास्त सुलभ आहे. निकाल देणं माझं काम नाही. मी फक्त भूमिती बघते.

व्हीलचेअरवरचा माणूस पुढचे लोक उभे राहिले की उठू शकत नाही. त्याच्या डोळ्यांची उंची साधारण चार फुटांवर कायम. पुढच्या उभ्या माणसाच्या डोक्यावरून दिसायचं तर त्याची जागा बरीच उंच हवी, किंवा पुढे कुणीच नको. सपाट चढाच्या 1914 च्या बैठकीत हे अवघड आहे. पण बैठकीचं काँक्रीट तर नवं ओतलंय! पायरीची उंची ठरवायची संधी याच हिवाळ्यांत होती. काँक्रीट ओतताना व्हीलचेअरच्या जागा पहिल्या रेषेत काढल्या तर त्या मिळतात, शेवटी कोंबल्या तर शेवटच्या रांगेत जातात. हे कुठल्याही इमारतीचं सांगतेय, आमच्याकडच्या गड-देवळांचंही. 'वारसा आहे म्हणून रॅम्प नाही' हे वाक्य मुलांनी या तासानंतर वापरू नये, एवढी माझी अपेक्षा आहे. 30,000 चौरस फूट जमिनीखाली घालता येतात त्यांना दोन फूट चौथरा जमत नाही असं कसं म्हणायचं?

24 सप्टेंबर, रविवार

मॉडेल पूर्ण. गाळा एकच, पण वरचा मजला सुटा केलाय. एका खाचेत बसवला की खांबांसह रिग्ली. खांब उपसून मजला दुसऱ्या खाचेत सरकवला की खांबाविना. कॅन्टिलिव्हरला मागे वजन लागतं, म्हणून मजला मागे जातो. मागे गेला की खालच्यांच्या डोक्यावरून दिसावं म्हणून वर उचलावा लागतो, आणि वर गेला की चढ उभा होतो. माझ्या ढोबळ मापांत वरच्या पहिल्या रांगेतला माणूस चाळीसेक फूट मागे गेला. डोळ्यापासून होम प्लेटपर्यंत लाल दोरा ताणलाय. खाच बदलली की दोरा कमी पडतो आणि हातातून सुटतो. स्लाइडपेक्षा हे लवकर कळेल.

नवऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "मग खांबामागच्या चारशे लोकांनी वरच्या हजारोंसाठी सोसायचं?" आकडा त्याच्या मनाचा, पण प्रश्न बरोबर. तोच फलकावर लिहून ठेवणार आहे.

14 ऑक्टोबर, शनिवार

व्याख्यान झालं. पुण्यात शनिवार सकाळ 10, इथं शुक्रवार रात्र साडेअकरा. झोपलं कुणी नाही, निदान कॅमेरा चालू असलेल्यांपैकी.

खाचेतला मजला सरकवला तेव्हा एका मुलीनं लगेच विचारलं, "ताई, दोन्ही गाळे ठेवता आले नसते का? काही भाग खांबांसह, काही विनाखांब?" मग अखंड वळसा तुटतो, म्हटलं. ती म्हणाली, मग कलम बदलावं. पडद्यांसाठी वाट काढलीच ना? वर्गात हशा पिकला. मैत्रीण मात्र वहीत काहीतरी लिहीत होती.

दुसऱ्यानं खांबामागच्या तिकिटाचा दर विचारला. मी एप्रिलच्या त्या सामन्याचा सांगितला. रुपयांत करून तो म्हणाला, "यात आमच्याकडे गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमला सगळं कुटुंब बसेल." त्यावरून तिकीट कुणाला परवडतं हा मुद्दा निघाला आणि जतनाचा तास दहा मिनिटं अर्थशास्त्राचा झाला. थांबवलं नाही.

तिसरी मागणी कामाची: छेदात व्हीलचेअरवरचा माणूस आणि त्याची दृष्टिरेषा दाखवा, 1914 ची पायरी आणि नवी पायरी दोन्हींवर. आज सकाळी बसून काढली. जुन्या पायरीवर रेषा पुढच्या उभ्या माणसाच्या छातीत घुसते. सुधारित पीडीएफ पुण्याला गेली.

मॉडेल कुरियरनं पाठवायचा खर्च विचारला आणि फोन ठेवला. फोटो आणि कापायची मापं पाठवतेय, तिकडेच बनवतील. पुढच्या वर्षासाठी मैत्रिणीनं फेनवे मागितलंय. जानेवारीनंतर बोलू म्हटलं, आधी बॉस्टनला स्वस्त विमान मिळायला हवं.